मंगलताईंची भीती

मी आधी पाचर काढली आणि मग मंगलताईंकडे गेलो.

हे एक वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली. तसं बघितलं तर मध्ये वेळ कितीसा गेला असेल? तीन सेकंद, फार तर चार. पण तेवढ्यात एका बाईची दोन बोटं प्रेसखाली चिरडली होती, ती मला हाक मारत होती, आणि माझा हात तिच्याकडे जायच्या आधी मशीनच्या डाव्या बटणाकडे गेला. तिथे दडपून बसवलेली लाकडाची पाचर मी उपसली, पँटच्या खिशात टाकली आणि मग "काय झालं, काय झालं" म्हणत धावलो. काय झालं ते त्या शेडमध्ये माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

यंदाही मोशीच्या पुढे रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग लागलेत. सांगवीहून आमची कंपनीची बस पावणेसहाला निघते. नाशिक फाट्यापर्यंत सगळे डुलक्या घेत असतात, मोशीच्या आसपास उजाडतं, आणि खिडकीतून तो ओला, किंचित कडवट वास आत येतो. शेजारचा डोळे मिटूनच म्हणतो, "आला राव दसरा." मला त्या वासाबरोबर दुसराही एक वास येतो, तेलाचा आणि तापलेल्या पत्र्याचा. पूर्वी अशा वेळी मी खिडकी लावून घ्यायचो. आता उघडी ठेवतो. का ते सांगायचं आहे, पण त्याआधी बरंच काही कबूल करायचं आहे.

आमच्या या चाकणच्या कारखानदारी पट्ट्यात ऋतूंना फारसा मान नाही. पाऊस म्हणजे चाकणच्या चौकात तुंबलेलं पाणी आणि त्यात अडकलेल्या बसगाड्या. उन्हाळा म्हणजे पत्र्याच्या शेडखाली पाठीला चिकटलेला शर्ट. खरा ऋतू एकच, त्याला सगळे 'सीझन' म्हणतात. दसरा-दिवाळीआधीचे दीड-दोन महिने. पाऊस मागे सरलेला असतो, डोंगरांच्या उतारावर पिवळी रानफुलं असतात म्हणे. ती आम्ही बसच्या काचेतूनच बघतो. त्या दिवसांत लोक नव्या गाड्या घेतात. हँडलला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, पोराला टाकीवर बसवून फोटो काढतात. मला कुणाचा आनंद हिरावून घ्यायचा नाही. पण त्या हारामागे, इंजिनाच्या बाजूला, तळहाताएवढा एक लोखंडी ब्रॅकेट असतो. तो कुणी बघत नाही. तो आम्ही करायचो.

मी त्या शेडमध्ये लाइन सुपरवायझर होतो. माझ्या हाताखाली ठेकेदाराकडून आलेली माणसं, निम्म्याच्या वर बायका. सीझनमध्ये आम्हाला एकच धास्ती असायची. आमचे ब्रॅकेट वेळेवर पोचले नाहीत आणि समोरच्या मोठ्या कंपनीची लाइन आमच्यामुळे थांबली, तर? समोरची कंपनी मालकाला फोन करायची, मालक मॅनेजरला, मॅनेजर मला. भीती आमच्याकडे पत्र्यावरच्या पाण्यासारखी खाली उतरते. वरचा खालच्यावर सोडतो आणि स्वतः कोरडा होतो. सगळ्यात खाली जो उभा असतो त्याच्यासमोर मग फक्त मशीन उरतं.

तिथे मंगलताई उभ्या असायच्या.

चाळिशीच्या, चाकणपलीकडच्या गावातल्या, जुन्या शेतकरी घरातल्या. घरची जमीन कंपन्यांच्या प्लॉटांत गेल्यावर गावातल्या इतर बायकांबरोबर कामाला येऊ लागलेल्या. साडीवर कंपनीचा निळा शर्ट, पदर खोचलेला, बांगड्या काढून रुमालात बांधलेल्या. त्यांचं मशीन म्हणजे एक जुना प्रेस. पत्रा लावायचा, बटण दाबायचं, वरून डाय, म्हणजे पोलादी साचा, येऊन आदळतो आणि पत्र्याचा ब्रॅकेट होतो. अशा प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. कारण सरळ आहे. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही हात डायखाली नसतो.

सकाळी मशीन सुरू झालं की बाकीचे लगेच कामाला लागत. मंगलताई आधी मशीनची परीक्षा घ्यायच्या. नुसतं डावं बटण दाबायच्या. प्रेस हलता कामा नये. मग नुसतं उजवं. मग पुठ्ठ्याचा तुकडा डायखाली सरकवून दोन्ही बटणं दाबायच्या, चेपलेला पुठ्ठा उचलून बघायच्या आणि मगच पहिला पत्रा लावायच्या. यात दोन मिनिटं जायची, आणि ती दोन मिनिटं माझ्या डोळ्यांत खुपायची.

"ताई, रोज काय ही पूजा?" मी एकदा विचारलं.

"पूजा न्हाई सर. इचारून घेते त्याला, आज डोकं ठिकाणावर हाय का."

"मशीनला डोकं असतं होय?"

"बैलाला तरी कुटं असतंय? आमच्यात एक मारका व्हता. माजा बा त्याच्याजवळ जाताना आदी हाक मारायचा, मंग हात दाखवायचा, मंगच दावं सोडायचा. लोकं म्हणायची, एवढा गडी माणूस आन् बैलाला भितो. बा म्हणायचा, भितो म्हणूनच अजून शिंग लागलं न्हाई."

शेजारच्या मशीनवर रेखा असायची, लातूरकडची, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "सर, लाडावून ठेवलंय ताईनं मशीनला. विचारपूस केल्याबिगर उठतच नाही ते."

सगळे हसले, मंगलताईही हसल्या. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. वाईट हसणं पुढे यायचं होतं, आणि ते मीच आणलं.

त्या वर्षी सीझनच्या तोंडावर कंपनीने एक शिबिर ठेवलं. कँटीनमागे मांडव, मागे मोठा फलक, 'भीतीला हरवा'. पुण्याहून एक वक्ते आले होते. कानाला माइक, पायात चकचकीत बूट. त्यांनी आम्हा सगळ्यांकडून तीनदा वदवून घेतलं, "भीती कुठे असते? मनात! भीती कुठे असते? मनात!" मग त्यांच्या माणसांनी एका चादरीवर बाटल्यांच्या काचांचा जाड थर पसरला आणि प्रत्येकाने अनवाणी त्यावरून चालायचं ठरलं. मी पहिला चाललो. काही झालं नाही. काचा बोथट केलेल्या होत्या, थर जाड होता, काही होणारच नव्हतं. पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला वाटलं, आपण आज वेगळेच कुणीतरी झालो.

मंगलताईंची पाळी आली. त्या काचांकडे बघत उभ्या राहिल्या.

"चला ताई, भीती सोडा!" वक्ते म्हणाले.

"मला चप्पल हाय की. काचंवरनं कशाला चालू?"

"मनातली भीती मारायची आहे, ताई!"

"आन् पाय कापला तर उद्या माज्या मशीनवर तुमी उभं ऱ्हाणार का?"

मांडवात हशा पिकला. वक्तेही हसले, पण त्यांचा चेहरा उतरला. माझा त्याहून जास्त. त्या माझ्या लाइनच्या होत्या ना. माझ्याच लाइनवरची बाई सगळ्यांसमोर भित्री ठरली, असं मला वाटलं. आज लिहिताना मला राग येतो. त्या मांडवात दोनशे माणसं असतील. स्वतःच्या डोक्याने विचार करणारी ती एकटी होती, आणि आम्ही सगळे तिला हसत होतो.

काचांवरून चालवणाऱ्या त्या माणसाला मला आता विचारावंसं वाटतं, तुम्ही भीतीला हरवायला आलात, पण आमच्या शेडमध्ये एकदा तरी पाऊल टाकलंत का? एखाद्या मशीनच्या गार्डला हात लावून बघितलंत? माणसाला कशाची भीती वाटते ते न विचारता त्याची भीती मारायला निघणं म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधणं झालं. चोर आला की नाही ते मग कोण सांगणार? कंपनीने बोथट काचा विकत आणल्या. त्याऐवजी त्या जुन्या प्रेसवर, एक बटण अडकलेलं असलं तर प्रेस हलूच न देणारं नवं कंट्रोल बसवलं असतं तर शिबिराची गरजच नव्हती. पण नवं कंट्रोल बसवायचं म्हणजे भीती खरी आहे असं मान्य करावं लागतं. ती मनातच आहे असं ठरवलं की काम स्वस्तात भागतं.

असो. दोष त्यांच्यावर टाकून मी सुटणार नाही. पाचर त्यांनी लावली नव्हती.

सीझनच्या तिसऱ्या आठवड्यात मॅनेजरचा फोन आला. "काय वाट्टेल ते करा राव, मला आकडा पाहिजे." मी काय करायचं ते मला माहीत होतं. माझ्या पहिल्या नोकरीत एका मुरलेल्या ऑपरेटरने शिकवलेलं. जुन्या प्रेसच्या डाव्या बटणात लाकडाची पाचर दडपली की ते कायम दाबलेलं राहतं. मग उजव्या हाताने बटण दाबायचं आणि डाव्या हाताने तयार माल काढून नवा पत्रा सरकवायचा. एक हात मोकळा होतो, काम झपाट्याने उरकतं. मोकळा म्हणजे कुठे, तर डायखाली. ते आम्ही बोलत नाही. या युक्तीबद्दल कुठल्याच कागदावर काही नसतं, पण पट्ट्यात फिरलेल्या माणसाला ती सांगावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलताईंनी नेहमीसारखं नुसतं उजवं बटण दाबलं. प्रेस धाडकन खाली आला. त्यांनी मशीन बंद केलं आणि मला बोलावलं.

"सर, ह्याच्यात कुणीतरी काय घातलंय."

"मीच घातलंय. आठवडाभर असंच चालवा."

"न्हाई सर. मला भ्या वाटतंय."

"काही होत नाही हो."

"मी जेवायची सुट्टी कमी करते. चहाला जात न्हाई. तुमचा आकडा भरून देते. पर ती काडा."

त्या स्वतःची जेवणाची सुट्टी देत होत्या. माणूस आणखी काय देणार? मी म्हणालो, "बघतो," आणि काढली नाही. उलट पुढच्या सकाळी, शिफ्टच्या सुरुवातीला सगळे रांगेत उभे असतात त्या मीटिंगमध्ये, मी आवाज चढवून म्हणालो, "आपल्या लाइनवर कुणीतरी मशीनला घाबरतंय. आपण शिबिरात काय शिकलो? भीती कुठे असते?"

"मनात!" रांग ओरडली.

"ज्यांना मशीनची भीती वाटते त्यांनी घरी बसून शेंगा फोडाव्यात."

सगळे हसले, रेखासुद्धा. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. मंगलताईंनी खाली बघत बांगड्या काढल्या, रुमालात बांधल्या आणि मशीनवर जाऊन उभ्या राहिल्या.

मी त्यांची भीती घालवली नाही. त्यावर दुसरी भीती ठेवली, नोकरी जाण्याची आणि चारचौघांत हसं होण्याची, आणि तिच्या वजनाखाली पहिली दाबली. पहिली भीती हात सांभाळायला सांगत होती. दुसरी फक्त मला सांभाळत होती.

चौथ्या दिवशी, सकाळच्या चहानंतर थोड्या वेळाने ते घडलं. मला वाटायचं, अशा वेळी प्रेसचा आवाज वेगळा येत असेल. तसं नसतं. रोजचाच आवाज आला. त्या किंचाळल्याही नाहीत. म्हणाल्या, "सर, मशीन बंद करा." आणि पुन्हा, "सर." बाकीचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

मॅनेजरच्या गाडीतून आम्ही निघालो. मागच्या सीटवर मी त्यांचा हात माझ्या हातात उचलून धरला होता. डाव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारची, पहिल्या पेरापासून गेली होती. चाकणच्या चौकात गाडी अडकली. पुढे कांद्याचे ट्रक, मागे कंपन्यांच्या बसगाड्या. गाड्या हॉर्न वाजवत होत्या, एका ट्रकचा ड्रायव्हर उतरून रस्त्यात तंबाखू मळत होता. मंगलताई डोळे मिटून बसल्या होत्या. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "ती पाचर काडली का, सर?"

"हो," मी म्हणालो.

"बरं केलं. आता रेखाला बसिवतील त्या मशीनवर."

माझ्या खिशात ती पाचर मांडीला टोचत होती. आपण पकडले जाऊ या भीतीने मी ती काढली होती. त्यांना वाटलं रेखासाठी काढली. एका हाताची बोटं जाऊन अर्धा तास झाला नव्हता, आणि त्या दुसरीच्या हातांची काळजी करत होत्या. अशा बाईला मी भित्री म्हटलं.

संध्याकाळी मॅनेजरने अपघाताचा फॉर्म समोर ठेवला. कारण या रकान्यात काय लिहायचं ते त्यांनीच सांगितलं. "ऑपरेटरचा निष्काळजीपणा. लिहून टाका राव. सीझन आहे, मशीन सील झालं तर तुम्हीपण घरी आणि मीपण घरी." माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत त्यासाठी बक्षीस मिळालं होतं. त्या चांगल्या अक्षरात मी लिहिलं, 'ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे', आणि खाली सही केली. रोज सकाळी दोन मिनिटं मशीनला विचारून घेणारी त्या शेडमधली एकमेव व्यक्ती कागदावर निष्काळजी ठरली.

मग खंडेनवमी आली. कंपनीत त्या दिवशी मशीनची पूजा असते. आदल्या दिवशी मी स्वतः तो प्रेस पुसला, रॉकेलच्या बोळ्याने कानाकोपरा साफ केला. सकाळी त्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, समोर नारळ फोडला. भटजींनी मंत्र म्हटले. मॅनेजर म्हणाले, "हात जोडा रे सगळ्यांनी." सगळ्यांनी जोडले. मशीनपुढे दोनशे माणसांचे हात आणि त्या मशीनने जिचा हात खाल्ला ती घरी. तिच्या घरी कुणीही गेलं नाही. पेढे मात्र वाटले. मी खाल्ला. मी तो पेढा गिळला, हे मला विसरता येत नाही.

काही महिन्यांनी मंगलताई गेटवर आल्या होत्या. रखवालदाराने मला बाहेर बोलावलं. त्यांनी डावा हात पदराखाली धरला होता.

"सर, ठेकेदार म्हणतो तुमचं काम नीट न्हाई. दुसऱ्या कंपनीत गेले तर तिथंबी म्हायती. हितं सगळे ठेकेदार एकमेकाचे पाव्हणे."

"मी बोलून बघतो."

"कामाचं ऱ्हाऊ द्या. बोटं गेली ती गेली. पर तेवढा शब्द काडा. निष्काळजी. मी न्हाई तशी. तुमाला ठावं हाय."

"बघतो," मी म्हणालो.

माझ्यासारख्या माणसांनी हा शब्द किती लोकांच्या तोंडावर फेकला असेल! बघतो म्हणजे बघणार नाही. बघतो म्हणजे तू आता जा. त्या गेल्या. मी आत येऊन हात धुतले आणि जेवायला बसलो.

वर्षभरात मी ती कंपनी सोडली. दुसरीकडे तपासणी विभागात खुर्ची मिळाली, प्रेसशॉपपासून, म्हणजे प्रेस चालतात त्या विभागापासून, लांब. तरी भीती बरोबर आलीच. दुकानाचं शटर खाली आलं की मी दचकायचो. घरी बायको विळीवर भाजी चिरायला बसली की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो. पळून जाणं आणि सावध असणं यातला फरक मला कळत नव्हता. शिबिरातलं वाक्य मी स्वतःशी म्हणून बघितलं, भीती मनात असते, मनात असते. काही उपयोग झाला नाही. कारण माझी भीती खरी होती. ती मला एक खरी गोष्ट सांगत होती आणि मी तिचं ऐकून घेत नव्हतो.

मग तिथे माणूस कमी पडला आणि मला पुन्हा शॉपवर पाठवलं. पहिली सकाळ. एका प्रेससमोर उभा राहिलो आणि काय करावं ते न सुचून मी नुसतं डावं बटण दाबलं. मग नुसतं उजवं. मग पुठ्ठ्याचा तुकडा मागवला. मशीन नीट होतं. भीती गेली नाही, पण तिला काम मिळालं. पुढच्या मशीनवर गेलो, तिथेही तेच केलं. आठव्या मशीनवर, नुसतं उजवं बटण दाबल्यावर, प्रेस खाली आला. कुणीतरी आतून वायर जोडून ठेवली होती. मी ते मशीन बंद करून घेतलं आणि वरच्या साहेबांना लेखी कळवलं. त्याच चांगल्या अक्षरात, पण या वेळी खरं.

तेव्हापासून रोज सकाळच्या मीटिंगमध्ये मी एकच प्रश्न विचारतो, "आज कुणाला कशाची भीती वाटते?" पहिले काही आठवडे कुणी तोंड उघडलं नाही. मग एकजण म्हणाला, वर माल उचलणाऱ्या हुकाची लॉक-पट्टी सैल वाटते. बघितली, खरंच सैल होती. आता रोज कुणी ना कुणी बोलतं. शॉपवर मला माझ्यामागे 'भित्रे सर' म्हणतात, कधी तोंडावरही. "भित्रे सर आले, पुठ्ठा काढा रे." मला त्यात अपमान वाटत नाही. पण लाज वाटते, ती वेगळ्या कारणाने. ही रीत माझी नाही. ती ज्या बाईची आहे तिच्या नावापुढे माझ्या अक्षरात 'निष्काळजी' लिहिलेलं आहे, आणि त्याच रीतीवर मला इथे चांगला सुपरवायझर म्हणतात. मशीनच्या भीतीला मी काम दिलं होतं. दुसऱ्या भीतीला, तो कागद बदलण्याच्या, अजून हातही लावला नव्हता. यंदा झेंडूचे ढीग दिसले तेव्हा मी खिडकी लावली नाही, तो वास काय सांगतोय ते ऐकून घेतलं आणि तो कागद बदलायचं बसमध्येच ठरवलं.

मी चार पानं लिहिली. पाचर कुणी लावली, का लावली, कधी काढली, फॉर्म कुणी भरला, सगळं. ती घेऊन मंगलताईंना शोधत चाकणच्या कांदा बाजारात गेलो. त्या तिथे कांदा निवडायला जातात असं रेखाकडून कळलं होतं. दुपारच्या वाऱ्याने कांद्याची सालपटं भिरभिरत होती. बायकांच्या ओळीत त्या बसल्या होत्या. उजव्या हाताने उचलायच्या, डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी दाबून बघायच्या, सडका बाजूला टाकायच्या. मला बघून त्या उठल्या नाहीत.

"खाली बसा सर. उभं ऱ्हायलं का सालपटं डोळ्यात जात्यात."

मी पोत्यावर बसलो. काय आणलंय ते सांगितलं.

"वाचून दावा."

मी वाचलं. त्यांचे हात थांबले नव्हते. दुसऱ्या पानावर मी लिहिलं होतं, 'ऑपरेटरला त्या मशीनची भीती वाटत होती.' तिथे हात थांबले.

"असं न्हाई."

"मग?"

"भ्या कुणालाबी वाटतं. त्यात काय लिवायचं? मी तुमाला सांगितलं व्हतं. ते लिवा."

मी ते वाक्य खोडलं आणि मांडीवर कागद ठेवून लिहिलं, 'मंगलताईंनी मला धोका आधीच सांगितला होता. मी ऐकलं नाही.' ते वाचून दाखवल्यावर त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "हे कुणाकुणाला देणार?"

"जुन्या कंपनीला, ठेकेदाराला आणि सरकारी कार्यालयात."

"तुमची नोकरी?"

"सांगता येत नाही. केससुद्धा होईल. भीती वाटते."

"वाटू द्या. पाय कुठं ठेवताय ते तरी बघाल."

मी हात जोडायला गेलो तेव्हा त्या पहिल्यांदा चिडल्या. "हितं नको. कांद्यात बसून कसली माफी मागताय? ज्यांच्याम्होरं हसला व्हता, त्यांच्याम्होरं मागा."

कागद दिले. तिन्ही ठिकाणच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. जुन्या मॅनेजरचा फोन आला, "वेड लागलंय का राव तुम्हाला?" सध्याच्या कंपनीनेही माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही.

पण माफी मागून झाली. पहिल्या शिफ्टची जुन्या कंपनीची बस साडेतीनच्या सुमारास चाकणच्या चौकाजवळ थांबते. परवा मी आणि मंगलताई तिथे उभे राहिलो. बस आली. निळ्या शर्टातल्या बायका डबे सांभाळत उतरल्या, मंगलताईंना आणि मला बघून थांबल्या. पंधरा-वीस जणी असतील. रेखा सगळ्यात पुढे. मी बोललो. काय बोललो ते मलाही नीट ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोला की सर," रेखा म्हणाली. "ट्रकच्या आवाजात काहीच ऐकू यायलं नाही. त्या दिवशी कसं मोठ्यानं बोलला होतात!"

मग मी रांगेपुढे बोलायचो त्या आवाजात म्हणालो, "मंगलताईंनी मला सांगितलं होतं. त्यांचं बरोबर होतं. पाचर मी लावली होती, आणि त्यांना उचलायच्या आधी मी ती लपवली. त्या कधीच निष्काळजी नव्हत्या. तो शब्द मी लिहिला, तो खोटा आहे. त्यांना तुमच्यासमोर हसलो, म्हणून तुमच्यासमोरच सांगतो. मंगलताई, माझं चुकलं. मला माफ करा."